ग्रंथालयाची प्रश्नपेटी: हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

जून-जुलैत ग्रंथालयात नवी माणसं रुजू होतात. कुणी सहायक ग्रंथपाल म्हणून, कुणी प्रशिक्षणार्थी म्हणून, तर कुणी एनएसएसचे तास भरायला. देवघेव, दाखल नोंदवही, अंकांची नोंद ही कामं पहिल्या आठवड्यात अंगवळणी पडतात. प्रश्नपेटीचं काम तसं पडत नाही, म्हणून हा लेख.

काम सांगायला सोपं आहे. विद्यार्थी नाव न लिहिता आयुष्यातला कोणताही प्रश्न चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकतो आणि ग्रंथालय त्याचं उत्तर फळ्यावर लावतं. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजच्या ओनील ग्रंथालयात ‘आन्सर वॉल’ नावाने हे चालतं. तिथे मुलं प्रश्न भिंतीला विचारतात आणि उत्तरही भिंतीच्याच तोंडून येतं. प्रेम, परीक्षा, एकटेपणा, काहीही विचारता येतं आणि उत्तरात पुष्कळदा एखाद्या पुस्तकाकडे बोट दाखवलेलं असतं. ग्रंथालयाने असल्या भानगडीत का पडावं, असं कुणी विचारलंच तर भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्याकडे बोट दाखवा. त्यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांतलं दुसरं सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा असं सांगतं, आणि चौथं वाचकाचा वेळ वाचवा असं. रात्र रात्र एकाच काळजीत जागणाऱ्या मुलाचा वेळ वाचवणं त्यातच येतं.

मात्र तिकडची पद्धत जशीच्या तशी इकडे आणता येत नाही. मोठ्या शहरातल्या विद्यापीठात निनावी राहायला वेगळं काही करावं लागत नाही, गर्दीच ते करून देते. आपल्याकडे कोकणात आडनाव कळलं की गाव कळतं, गाव कळलं की वाडी कळते, आणि वाडी कळली की कोणाचा कोण ते कळतं. निम्मी मुलं एकाच एसटीने येतात. अक्षर ओळखणारा मित्र फळ्यासमोरच उभा असतो. म्हणून इथे मुलांचं निनावीपण आपल्याला हाताने राखावं लागतं, आणि या कामातला बहुतेक वेळ त्यातच जातो. उत्तर थोडं कच्चं राहिलं तर दुसऱ्या दिवशी सुधारता येतं. चिठ्ठी कुणाची ते एकदा फुटलं, तर वर्षभर पेटी रिकामी राहते.

पेटी कुठे ठेवायची

काउंटरसमोर नको, आणि सीसीटीव्हीच्या टप्प्यात तर मुळीच नको. कॅमेरा कुठवर पाहतो हे पडद्यावर स्वतः बघून खात्री करा. मुलंही कॅमेऱ्याकडे बघून अंदाज घेतातच. सगळ्यांत चांगली जागा म्हणजे जिथे थांबायला दुसरं काहीतरी निमित्त आहे अशी: पाण्याच्या कूलरशेजारी, वर्तमानपत्रांच्या स्टँडपाशी, बॅगा ठेवायच्या कप्प्यांजवळ. तिथे उभा राहिलेला मुलगा नक्की काय करतोय हे कुणाला कळत नाही. कोऱ्या चिठ्ठ्या पेटीपाशी ठेवाच, शिवाय वाचनकक्षाच्या प्रत्येक टेबलावरही ठेवा, म्हणजे लिहायचं एकीकडे आणि टाकायचं दुसरीकडे. सगळ्या चिठ्ठ्या एकाच मापाच्या आणि एकाच कागदाच्या असू द्या. वहीचं फाडलेलं पान कुणाचं ते वर्गातला कुणीही सांगेल.

सोबत पेन्सिली ठेवा. याला कारण आपला पाऊस. जून ते सप्टेंबर कागद इतका सर्द होतो की जेल पेनची शाई पसरते आणि उत्तर वाचता येत नाही, डिंक धरत नाही, चिकटचिठ्ठ्या तासाभरात खाली पडतात. फळ्याला टाचण्या वापरा, त्याही गंज न धरणाऱ्या, प्लॅस्टिकच्या डोक्याच्या. पत्र्याची पेटी खाऱ्या वाऱ्याला दोन पावसाळे टिकत नाही आणि लाकडी पेटीचं झाकण फुगून बसतं, म्हणून जाड प्लॅस्टिकची, आरपार न दिसणारी, कुलूप लागणारी पेटी घ्या. किल्ली एकाच माणसाकडे असावी. तो रजेवर असेल तेव्हा दुसऱ्या कुणाकडे, हेही आधीच ठरवून ठेवा.

पेटीवर तीन ओळी ठळक लिहा. पहिली, पेटी रोज दुपारी एकदाच उघडते. दुसरी, उत्तर किती दिवसांत येतं (आम्ही दोन कामाचे दिवस धरतो). तिसरी, आत्ता या क्षणी मदत हवी असेल तर चिठ्ठीची वाट पाहू नका: टेलि-मानस १४४१६, पोलीस-रुग्णवाहिका ११२. टेलि-मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फुकट सेवा आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येतं.

पुष्कळ महाविद्यालयांत अकरावी-बारावीची मुलंही हेच ग्रंथालय वापरतात. तुमच्याकडे तसं असेल तर चौथी ओळ हवीच. अठरा वर्षांखालच्या कुणावर लैंगिक अत्याचार झाल्याचं आपल्याला कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे ग्रंथालयाला गप्प राहण्याची मुभा नाही. लिहिणाऱ्याला हे लिहिण्याआधी कळलं पाहिजे. विश्वासाने लिहून घ्यायचं आणि मग पोलिसांत जायचं, असं त्याला वाटता कामा नये.

चिठ्ठी फळ्यावर जशीच्या तशी लावू नका

बॉस्टनला मुलांची मूळ चिठ्ठीच भिंतीवर राहते. आपल्याकडे तसं करू नका. प्रत्येक प्रश्न नव्या कागदावर टाइप करून घ्या. वीज गेली असेल तर एकाच माणसाने मोठ्या सुट्या अक्षरांत लिहून काढावा. मूळ चिठ्ठी कुलपात जाते.

टाइप करताना प्रश्नातून काय गाळायचं, हे खरं कसब आहे. समजा चिठ्ठी अशी आली: “बाबांची मिरकरवाड्याला बोट आहे. दोन बहिणींची लग्नं झाली, आता मी एकटाच. बाबा म्हणतात टी.वाय. झालं की बोटीवर ये. मला केमिस्ट्रीत एम.एस्सी. करायची आहे.” बंदर, बहिणी, विषय यांतला प्रत्येक तपशील एकटा निरुपद्रवी आहे, पण तिन्ही एकत्र आले की वर्गातल्या कुणालाही तो मुलगा ओळखता येईल. फळ्यावर एवढंच जावं: “घरचा धंदा माझी वाट बघतोय आणि मला पुढे शिकायचं आहे. घरी कसं सांगू?” आता हा प्रश्न आंब्याच्या कलमांवाल्या घरातल्या मुलीचाही आहे, दुकानदाराच्या मुलाचाही आहे, आणि लिहिणाऱ्याला तो आपला म्हणून ओळखू येतोच. बोलीतले शब्दही सांभाळा. मालवणीत लिहिलेली चिठ्ठी प्रमाण मराठीत उतरवताना वाईट वाटतं, कारण तिची सगळी चव त्या बोलीत असते. पण ज्या वर्गात मालवणी बोलणारे दोघेच आहेत, तिथे बोली हीच सही ठरते.

प्रश्नाचा सूर मात्र बदलू नका. मुलगी रागाने लिहीत असेल तर राग राहू द्या, लिंगनिर्देश हवा तर काढा. दुरुस्त केलेलं, गुळगुळीत झालेलं वाक्य बघून तिला वाटेल की आपलं कुणी ऐकलंच नाही.

आणि एक पक्कं लक्षात ठेवा. चिठ्ठी कुणाची असेल यावर स्टाफरूममध्ये एक शब्दही नाही. कौतुकाने नाही, काळजीनेही नाही. शिपाईकाकांपासून प्राचार्यांपर्यंत कुणी विचारलं, तरी “ते आम्ही बघत नाही” एवढंच सांगायचं.

उत्तर कसं शोधायचं आणि कसं लिहायचं

आधी प्रश्न दोनदा वाचा, कारण पहिल्या वाचनात आपण आपलाच प्रश्न वाचतो. “एटीकेटी लागली, घरी काय सांगू?” यात परीक्षेचे नियम विचारलेले नाहीत. “मुंबईला गेलो तर आईजवळ कोण?” यात नोकरीचा सल्ला मागितलेला नाही. आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या घरातलं कुणीतरी मुंबईला जातं, आणि मागे राहणाऱ्यांचं काय हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही. तो पेटीत येतो. तिथे “स्वतःच्या स्वप्नांचा विचार कर” असलं उत्तर लिहिणं म्हणजे त्या मुलाच्या आईला उत्तरातून काढून टाकणं झालं.

उत्तर ग्रंथालयाच्या नावाने लिहावं, सही कुणाचीच नसावी. लांबी फळ्यावर उभ्याउभ्या वाचता येईल एवढी, म्हणजे साधारण आठ-दहा ओळी. त्यात सुरुवातीला प्रश्न समजल्याची खूण असावी, मग खरी माहिती, मग पुढचं एक पाऊल: एखादं पुस्तक, एखादं कार्यालय, एखादा फोन. उपदेश टाळा. “तुम्ही तरुण आहात, सगळं ठीक होईल” हे वाक्य फळ्यावर कधीही जाऊ नये. सगळं ठीक होईल हे आपल्याला माहीत नसतं.

खरी माहिती शोधायला वेळ द्या, कारण मुलांना धीर देणारी माणसं मिळतात, माहिती देणारी मिळत नाहीत. फी भरायला पैसे नाहीत अशी चिठ्ठी आली तर राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या योजना नावानिशी लिहा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या आणि घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना जुलै २०२४ च्या निर्णयानुसार शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कोणत्या खिडकीवर जायचं आणि कोणते दाखले लागतात, हेही त्याच कागदावर लिहा.

दोघं वेगळ्या जातीचे आहेत आणि लग्न करायचं आहे, असं कुणी विचारलं तर बरोबर-चूक ठरवत बसू नका. १९५४ चा विशेष विवाह कायदा सांगा: मुलगा २१ आणि मुलगी १८ पूर्ण, नोटिशीनंतर ३० दिवस थांबावं लागतं, आणि ती नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लागते. हे शेवटचं सांगणं फार गरजेचं आहे. तालुक्याच्या गावी अशी नोटीस दोन दिवसांत घरी पोचते, याचा विचार त्यांना आधी करता यावा. कायद्याचं आणखी काही विचारायचं असेल तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक द्या. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो.

गर्भपाताबद्दलच्या प्रश्नावर तुम्ही अडखळाल. काही ग्रंथालयं असा प्रश्न फळ्यावर लावत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: लावा. एक विचारते तेव्हा न विचारणाऱ्या आणखी काही जणी ते उत्तर वाचत असतात. १८ पूर्ण झालेल्या स्त्रीला स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची किंवा आईवडिलांची लागत नाही. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत लागतं, आणि ठरावीक कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोघांचं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये ही २४ आठवड्यांची सोय अविवाहित स्त्रियांनाही आहे असं सांगितलं. डॉक्टरांनी नाव गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. दुकानातून गोळ्या आणून स्वतः घेऊ नका, हे ठळक लिहा. एवढा कागद एका डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि कायमचा तयार ठेवा.

आजारपण आणि देवस्की यांचे प्रश्न आपल्याकडे हमखास येतात. “आई रात्री झोपत नाही, एकटीच बोलते. घरचे कौल लावायला नेतात.” इथे श्रद्धेवर तुटून पडलात तर त्या घराचं दार बंद होईल. देवळात जाऊ नका असं लिहू नका. त्यासोबत जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा, असं लिहा. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव लोक चेष्टेत घेतात, म्हणून तर ते फळ्यावर साध्या शब्दांत, एखाद्या दवाखान्यासारखं लिहिलेलं दिसायला हवं. कुणी आईला चटके देत असेल, मारहाण करत असेल, तर मग सौम्य बोलायची गरज नाही. तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

पुस्तकापर्यंतची वाट

उत्तराच्या शेवटी पुस्तक सुचवलं की आपलं काम झालं असं वाटतं. पण आपल्याकडच्या बऱ्याच ग्रंथालयांत पुस्तक मागणीपत्रक भरून काउंटरवरून घ्यावं लागतं. म्हणजे नैराश्यावरचं पुस्तक हवं असलेल्या मुलीने त्याचं नाव लिहून, स्वतःच्या कार्डासकट, खिडकीत द्यायचं. ती देणार नाही. एवढा वेळ जपलेलं निनावीपण शेवटच्या पायरीवर सांडतं.

म्हणून अशा पुस्तकांसाठी वाचनकक्षात एक उघडं कपाट मिळवा. ग्रंथपाल मॅडमशी या कपाटासाठी भांडावं लागलं तरी भांडा. त्यात सरमिसळ हवी: नोकरीच्या मुलाखतीची, पैशांच्या नियोजनाची, नातेसंबंधांची, शोकाची, आजारांची पुस्तकं, आणि मध्येमध्ये कथा-कवितासंग्रह. फक्त ‘अवघड’ विषयांचं कपाट केलंत तर त्यासमोर कुणी उभं राहणार नाही. ही पुस्तकं घरी द्यायची नाहीत, तिथेच वाचायची, म्हणजे कुणाच्या खात्यावर नोंद होत नाही. फळ्यावरच्या उत्तरात पुस्तकाच्या नावासोबत वर्गांक द्या. ड्यूई दशांश वर्गीकरणाप्रमाणे पुस्तकं लावलेल्या ग्रंथालयात मृत्यू आणि शोक १५५.९३७ ला, माणसामाणसांतले संबंध १५८.२ ला, स्वतःच्या पैशांचं नियोजन ३३२.०२४ ला, नोकरी शोधणं ६५०.१४ ला, आणि मराठी साहित्य ८९१.४६ ला. आकडा पाहून मूल थेट कपाटापाशी जातं, कुणाला काही विचारावं लागत नाही.

कथा-कविता मुद्दाम सुचवा. वडील गेल्यावर चार महिन्यांनी रडू येतं याचं कारण विचारणाऱ्या मुलाला मानसशास्त्राचं पुस्तक उपयोगी पडेलच असं नाही. एखादी चांगली कथा पडू शकते. यासाठी तुमचं स्वतःचं वाचन हवं, त्याला दुसरा इलाज नाही.

ज्या चिठ्ठ्या थांबू शकत नाहीत

पेटी उघडल्यावर आधी सगळ्या चिठ्ठ्या एकदा चाळा. उत्तरं नंतर. जगणं नकोसं झालंय, सगळं संपवावंसं वाटतं, असं काही दिसलं तर बाकीचं काम बाजूला ठेवा. त्या दिवशी, त्या तासात उत्तर फळ्यावर गेलं पाहिजे, सगळ्यांत वर आणि डोळ्यांच्या उंचीला. प्रश्न लावू नका, फक्त उत्तर लावा: “आज ज्यांनी आम्हाला खूप जड चिठ्ठी लिहिली, त्यांना. आम्ही ती वाचली. तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. आजच कुणाशीतरी बोला. १४४१६ वर कुणीतरी जागं असतं. समोरासमोर बोलायचं असेल तर समुपदेशक या वेळेला या खोलीत असतात, दार लोटून आत या, नाव सांगावं लागणार नाही.” खोलीचा क्रमांक आणि वेळ नक्की द्या. मरणाच्या पद्धतीचा, जागेचा उल्लेख उत्तरात कुठेही नको.

लगेच समुपदेशकांना फोन करा. चिठ्ठी त्यांना दाखवा, पण अक्षरावरून मूल शोधायची मोहीम वर्गावर्गात काढू नका. असल्या शोधाची बातमी अर्ध्या तासात कँटीनला पोचते, आणि जो लिहिणारा आहे तो अजून आत जातो. चिठ्ठीतच त्याने नाव, खोली, वेळ असं काही सांगितलं असेल तर त्याला सापडायचंय. तेव्हा वाट बघायची नाही, समुपदेशक आणि वसतिगृहाचे रेक्टर यांनी ताबडतोब जायचं. जिवाला आत्ता धोका आहे असं दिसलं तर ११२.

मुलांना पोलिसांची भीती असते, म्हणून हेही फळ्यावर असू द्या: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच कायदा धरून चालतो, आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

कुणाचं नाव घेऊन केलेली तक्रार, शिक्षकाबद्दल किंवा सीनिअरबद्दल, फळ्यावर जात नाही. लैंगिक छळाची असेल तर ती बंद पाकिटात अंतर्गत समितीच्या अध्यक्षांकडे जाते. फळ्यावर सर्वांसाठी माहिती लावा: समितीत कोण आहेत, तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यावी, आणि योग्य कारण असेल तर समिती मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२.

वर्षाचं गणित

प्रवेश सुरू असताना चिठ्ठ्या फी आणि दाखल्यांच्या येतात. गणपतीची सुट्टी संपवून वसतिगृहातली मुलं परतली की घरच्या आठवणीच्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी घाटावरून आलेल्या मुलांना पहिला पावसाळा जड जातो. आठ-आठ दिवस ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, ताटात रोज भात. “इथे मला कुणी ओळखत नाही” असं त्यातलं कुणी लिहितं. त्या उत्तरात वसतिगृहातल्या मंडळांची, कबड्डीच्या मैदानाची, कुणाच्या तरी गावी शिमग्याला जायच्या आमंत्रणाची जागा असू द्या. निकाल लागले की घरी कसं सांगायचं ते प्रश्न, आणि मार्च-एप्रिलमध्ये मुंबईचे. कायम लागणारे कागद त्याआधीच तयार ठेवले की धावपळ होत नाही.

थट्टेच्या चिठ्ठ्याही येतात. त्यांनाही नीट उत्तर द्या. पुष्कळदा पहिली चिठ्ठी ही पेटी खरी आहे का ते बघण्यासाठीच टाकलेली असते.

उत्तर फळ्यावर निदान दोन आठवडे ठेवा, कारण लिहिणारा लगेच त्यासमोर येत नाही. लांबून जाता-येता वाचतो. उतरवलेली उत्तरं एका फाइलमध्ये वाचनकक्षात ठेवा, प्रश्न टाइप केलेलाच. मूळ चिठ्ठ्या सत्र संपलं की किल्ली असलेल्या माणसाने स्वतः फाडून टाकायच्या, रद्दीत द्यायच्या नाहीत. समुपदेशकांकडे, समितीकडे किंवा पोलिसांकडे गेलेल्या चिठ्ठ्या तेवढ्या वेगळ्या, त्या त्यांच्याकडेच राहतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पेटी आत उचलून ठेवा. भरणारी पण न उघडणारी पेटी बाहेर राहता कामा नये. फळा तसाच राहू द्या, त्यावर पुन्हा कधी सुरू होणार ती तारीख आणि १४४१६.